आईला तीन स्थळं आलीत

३ मार्च, मंगळवार

तिसरंही आलं! मला वाटलं होतं एकही येणार नाही, आणि आली ती तिन्ही.

दुपारी कारखान्यात पॉलिशच्या टेबलापाशी उभी होते. खिशात फोन थरथरला. मेलची पहिली ओळ वाचली आणि हातातला काचांचा ट्रे चक्क दुसऱ्याच्या ढिगावर ठेवून दिला. कुणाच्या तरी लांबच्या चष्म्यात कुणाचा तरी जवळचा नंबर बसला असता! इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. तपासणीच्या बाईंनी पकडलं. म्हणाल्या, "मॅडम, आज आधी स्वतःचा नंबर काढून घ्या."

तर — वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला एमबीएला प्रवेश मिळालेला आहे. तीन कॉलेजांत. तिन्ही तीन देशांत, आणि त्यातला एकही देश माझा नाही. महिनाअखेरीस एकाला होकार कळवायचा.

घरी येताना उगाचच एक स्टॉप आधी उतरले आणि चालत आले. मधेच हसत होते. समोरून येणारा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

५ मार्च, गुरुवार

मालकांची बैठक. हिशेबनीस नेहमीप्रमाणे पडद्यावर आलेख दाखवत बोलत होते आणि मी नेहमीप्रमाणे मान डोलावत होते. मशीन का अडलं, कुठल्या पाळीत काचा जास्त फुटतात, कोण कुणाशी बोलत नाही म्हणून माल रखडतो — हे मला झोपेतून उठवून विचारा. पण आलेख सुरू झाले की मी नंदीबैल. मालक म्हणतात, "पुढे हे सगळं तुम्हीच बघायचंय." वर्षभराची रजाही त्यांनी हसत कबूल केली. बहुतेक त्यांना वाटलं की मला कोण घेणार!

मला मान डोलवायची नाहीये आता. मला मधेच हात वर करून "थांबा, हे चूक आहे" म्हणायचंय. एवढ्यासाठी विमानात बसून परदेशी जायचं म्हणजे जरा अतीच आहे, पण असू दे.

घोडं अडलंय ते अप्पांपाशी. हे गेले त्याला चार वर्षं होतील. तेव्हापासून या घरात आम्ही दोघंच — मी आणि माझे सासरे. लेक शिकायला दुसऱ्या शहरात. अप्पा अठ्ठ्याहत्तरचे. एका कानात यंत्र, गुडघा कुरकुरतो, आणि मी रात्री जेवायला उशिरा आले तर ताटावर ताट झाकून वाट बघत बसतात. त्यांना एकटं टाकून मी कुठल्या तोंडाने जाऊ?

आधी ठरवते, मग सांगते. म्हणजे रडारड एकदाच होईल.

८ मार्च, रविवार

लेकीचा फोन. मी भांडी घासत होते म्हणून स्पीकरवर टाकला. तिचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा!

"तर आईसाहेब, तुम्हाला तीन स्थळं आलीत! काय ठरवलंत?"

मी म्हटलं, हळू बोल. पण ती कुठली ऐकते. एकेकाचं वर्णन सुरू — "पहिलं वयस्कर आहे, पण नामांकित. फक्त फार लांब राहतं. दुसरं अगदी तरुण, समुद्राकाठी राहणारं, प्रत्येक फोटोत दात काढतं. तिसरं शेजारचं. सालस आहे बिचारं, पण बोलायला लागलं की जांभई येते. आई, मला विचारशील तर मन मारू नकोस हां. वयस्कर असलं म्हणून काय झालं?"

हसून हसून साबणाचं पाणी नाकात गेलं माझ्या. तेव्हापासून आम्ही दोघी कॉलेजांना स्थळंच म्हणतोय. लांबचं, समुद्राचं आणि जवळचं.

अप्पा बाहेर बसले होते पेपर घेऊन. म्हणाले, "कोणाचा फोन?" म्हटलं, लेकीचा. "हं," म्हणाले. आणि आज त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला नाही. नवलच.

९ मार्च, सोमवार

अप्पा केस कापून आले. मिशी कोरून घेतली. मी म्हटलं, "काय अप्पा, लग्न आहे का कोणाचं?" — तर लाजले!

११ मार्च, बुधवार

समुद्राचं स्थळ बाद.

तिथे गेल्या वर्षी शिकून गेलेल्या एका मुलीशी बोलले. गोड पोरगी. मी विचारलं, अभ्यास कसा असतो? ती म्हणाली, "आंटी, इथे वाइब खूप छान आहे." राहायचं कसं? "आंटी, आम्ही सात जणी एका घरात, धमाल!" स्वयंपाकघर? "आंटी, बीचवरच खातो सगळे." वर्गात माझ्या वयाचं कोणी? ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "आमचे एक सर होते."

फोटोतली हिरवळ मात्र छान आहे. सगळे लॅपटॉप मांडीवर घेऊन गवतात बसलेत. मी बसले तर उठवायला दोघं लागतील.

१२ मार्च, गुरुवार

नणंदेचा फोन. आठवड्याच्या मधेच असा तिचा फोन येत नाही. आवाज अगदी हळू — "वहिनी, मला सगळं कळलंय. मी तुझ्या बाजूने आहे. कोणी काहीही म्हणू दे!"

मला भरून आलं. लेकीच्या पोटात काही राहत नाही, हे एक. पण नणंद इतक्या मनापासून बोलेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "या वयात बरं दिसेल का गं?" ती म्हणाली, "वयाचं काय घेऊन बसलीस! भाऊ असता तरी हेच म्हणाला असता." हे ऐकून तर मी रडलेच. मग म्हणाली, "अगं, फोटो तरी पाठव!"

लांबच्या कॉलेजचा पाठवला. दगडी इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा, पुढे मोठं अंगण.

तिचं उत्तर आलं — "अगं बाई!! एवढं मोठं!! राणी होणार तू!"

१३ मार्च, शुक्रवार

लांबच्या कॉलेजचा नमुन्याचा वर्ग. इथे सकाळ, तिथे संध्याकाळ. मी नुसती बघायला म्हणून बसले होते.

एक प्राध्यापिका. पांढरे केस, चष्मा कपाळावर. तिने एका बेकरीची गोष्ट सांगितली — माल उत्तम, गिऱ्हाईक रांगेत, कामगार राबताहेत, तरीही रोज ऑर्डर उशिरा जाते. का? वर्गातले लोक भट्टीबद्दल बोलले, मग किमतींबद्दल बोलले. मला राहवेना. हात वर केला आणि म्हटलं, "भट्टी आणि पॅकिंग यांच्या मधल्या टेबलावर कोण उभं असतं?" प्राध्यापिकेने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाली, "बोला पुढे."

मी बोलले! किती वेळ ते माहीत नाही. ट्रेबद्दल, पाळी बदलताना होणाऱ्या घोळाबद्दल, कुणाचंच काम नसलेल्या कामाबद्दल. मग तिने माझंच बोलणं घेतलं आणि त्याच्यावर ते आलेख चढवले — आमच्या हिशेबनिसांचे, तेच! आणि मला दिसलं. अगदी स्वच्छ. रेष कुठे वळते आणि का वळते.

कामावर उशिरा पोचले. दिवसभर कोणावर ओरडले नाही. तपासणीच्या बाईंना शंका आलीय की मला ताप आहे.

मला हेच कॉलेज हवंय. लिहूनच टाकते — हेच हवंय. पण लांब म्हणजे किती लांब! दोन विमानं बदलायची. अप्पा पडले-बिडले तर मी पोचेपर्यंत दुसरा दिवस.

१४ मार्च, शनिवार

अप्पांना तळ्याकाठच्या वसाहतीत घेऊन गेले होते. त्यांचा बुद्धिबळातला दोस्त — आम्ही त्याला वजीर म्हणतो, कारण तो घरभर तिरका, सरळ, कसाही फिरतो — आता तिथे राहतो. वयस्कर लोकांसाठीच आहे ती जागा. एकेकाला खोली, खाली डॉक्टर, जेवण एकत्र. मी आत डोकावले. बारा-पंधरा म्हातारे एका पटाभोवती उभे राहून दोन म्हाताऱ्यांना शिव्या घालत होते.

या आठवड्यातली ही तिसरी फेरी. परत येताना अप्पा गाडीत शीळ घालत होते. वजिराच्या शेजारची खोली रिकामी आहे म्हणे, खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. हे मला जाताना सांगितलं, येताना सांगितलं आणि जेवताना पुन्हा सांगितलं. म्हातारपण. विसरतात.

उद्या सांगूनच टाकते त्यांना.

१५ मार्च, रविवार

काय लिहू आणि कसं लिहू! सगळं लिहून ठेवते, नाहीतर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

जेवायला बसलो. मी घसा खाकरला. तेवढ्यात अप्पाच म्हणाले, "पोरी, तुला काय सांगायचंय ते मला ठाऊक आहे."

मी गारच. "कोणी सांगितलं?"

"घरात राहतो मी. कानाने कमी ऐकतो, अगदीच बहिरा नाही. तीन आहेत ना?"

"दोनच राहिलीत. एक बाद केलं."

"बरं केलंस. तो समुद्राकडचा ना? मला नव्हताच पसंत. सारखं हसणाऱ्या माणसाचा भरवसा नाही."

मला वाटलं, अप्पा विनोद करताहेत. जीव भांड्यात पडला माझा. म्हटलं, "तुम्ही रागावला नाहीत?"

"राग कसला? उलट बरं वाटलं. चार वर्षं झाली. तुझं आयुष्य पडलंय पुढे. बरं, तू प्रत्यक्ष पाहिलंस का?"

"कुठलं! फोटोच पाहिले. बोलणं मात्र झालं व्हिडिओवर."

"एकट्याशी?"

"नाही, समोर तिघं होते. एक बाई होत्या, त्यांनीच सगळे प्रश्न विचारले."

"आई असणार," अप्पा स्वतःशीच म्हणाले. मी ऐकलं, पण मला अर्थ लागला नाही. "काय विचारलं त्यांनी?"

"हेच — आजवर काय काम केलंत, या वयात का वाटलं, आमच्यातच का यायचंय..."

"सरळ आहेत की माणसं. आणि वय काय म्हणालीस?"

"लांबचं ना? होतील की सव्वाशे वर्षं."

अप्पांनी घास खाली ठेवला. यंत्राला बोट लावून ते कानात घट्ट केलं. "किती?"

"सव्वाशे. फार जुनं आहे ते. पण त्यामुळेच नाव आहे. आणि अप्पा, ते दर वर्षी फक्त साठ जणांना घेतात!"

"साठ?" अप्पांचा आवाज चिरकला. "दर वर्षी?!"

"हो! बायका जास्त घेतात अलीकडे."

अप्पा उभेच राहिले. खुर्ची मागे पडली. "पोरी," म्हणाले, "मी म्हातारा आहे, जुन्या वळणाचा नाही. पण याला माझी परवानगी नाही!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. स्थळं! अहो, स्थळं!! रविवारचा स्पीकर, कोरलेली मिशी, नणंदेचा हळू आवाज, "राणी होणार तू"... मी टेबलावर डोकं ठेवून इतकी हसले, इतकी हसले की अप्पा पाणी आणायला धावले. मग सगळं सांगितलं. कॉलेज, एमबीए, प्राध्यापिका, बेकरी. ते ऐकत राहिले आणि मग तेही हसायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "सव्वाशे वर्षांचा नवरा! मी आपला हिशेब करतोय, घोड्यावर बसवायचा कसा!"

नणंदेला फोन केला. ती आधी किंचाळली, मग म्हणाली, "म्हणजे ते घड्याळाचं घर त्याचं नाही?"

हे सगळं झालं. पण एक गोष्ट लिहून ठेवायला हवी. हसणं ओसरल्यावर अप्पांनी विचारलं, "म्हणजे लग्न नाही करायचंय तुला?" म्हटलं, नाही हो. "मग वर्ष झालं की परत येणार?" म्हटलं, "म्हणजे काय! घर सोडून जाईन कुठे?" आणि त्यांचा चेहरा पडला. सरळ पडला. "छान, छान," म्हणाले.

माझ्या लग्नाला तयार झालेला माणूस तो. मुलाच्या जागी दुसरा कोणी या घरात यायचा, तरी मिशी कोरून उभा होता. आणि त्याला मी वर्षभर एकटं टाकणार आहे.

१७ मार्च, मंगळवार

अप्पा वजिराकडे गेले नाहीत. "गुडघा," म्हणाले. शीळ बंद.

हे माझ्यामुळेच.

१९ मार्च, गुरुवार

ठरलं. जवळचं.

जवळच्या कॉलेजात वाईट काही नाही. खरंच नाही. देश दुसरा असला तरी सीमेला लागूनच, आगगाडीने सकाळी निघालं की दुपारी घर. मुलाखत घेणारे गृहस्थ कागदावरचे प्रश्न वाचून दाखवत होते आणि एक प्रश्न दोनदा वाचला, पण ते काय, कोणाचंही होतं. विषय तेच, पुस्तकं तीच. आलेख काय इथले वेगळे असतात? मुख्य म्हणजे शनिवार-रविवार घरी येता येईल. अप्पांना लांब गेल्यासारखं वाटणारच नाही.

लेकीला सांगितलं. मग म्हणाली, "आई, तू बेकरीबद्दल मला तासभर सांगत होतीस. या जवळच्याबद्दल एक वाक्य सांग बरं." म्हटलं, गाडी थेट आहे. "हे गाडीबद्दल झालं," म्हणाली. आगाऊ आहे. फोन ठेवला मी.

अप्पांना संध्याकाळी सांगितलं. "काळजी करू नका. दर शनिवारी येईन मी!"

"दर शनिवारी?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला.

"एकही चुकवणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी म्हणणार होते, पण मिशीवरून हात फिरवला आणि टीव्ही लावला. आनंद झाला की अप्पांना बोलता येत नाही. ह्यांचंही असंच होतं.

मग मला का रडू येतंय? मूर्ख बाई. दोन्हीकडे पदवी मिळणारच आहे. वाईट वाटायचं कारणच नाही. वाटतंय मात्र.

२० मार्च, शुक्रवार

होकाराचा मेल लिहून ठेवलाय. पाठवलेला नाही. रविवारी निवांत पाठवीन.

कारखान्यात चार वेळा बेकरीच आठवली.

२१ मार्च, शनिवार

तपासणीच्या बाईंना सांगितलं सगळं. म्हणाल्या, "मॅडम, जवळचं कधी नीट दिसतं का आपल्या वयात?" आणि पुढच्या काचेकडे वळल्या. मी त्यांना कामात लक्ष घालायला सांगितलं. जरा जोरातच.

२२ मार्च, रविवार

मेल पाठवायला बसले, तर अप्पा समोर येऊन उभे. अंगावर कोट. म्हणाले, "पाठवू नकोस. आधी माझं ऐक, आणि मधे बोलू नकोस, नाहीतर माझा धीर जाईल."

मग एका दमात — "ती तळ्याकाठची खोली मला हवी आहे. आजची नाही, वजीर राहायला गेला तेव्हापासून हवी आहे. तीनदा बोलावलं त्यांनी, तीनदा नाही म्हटलं. तू एकटी पडशील ना! रात्री उशिरा येतेस, कोणी ताट झाकून बसायला नको? तुझं लग्न ठरतंय असं कळलं आणि मी त्याच दिवशी जाऊन खोली धरून आलो. वाटलं, सुटलो बुवा एकदाचा! आणि तू म्हणतेस, दर शनिवारी येईन. अगं, शनिवारी आमची स्पर्धा असते!"

मी हसत होते की रडत होते ते मलाच कळेना. म्हटलं, "अहो अप्पा, मी तुमच्यासाठी थांबले होते." ते म्हणाले, "ते कळलं मला, म्हणून तर आलो सांगायला. जा तू. लांबच जा."

लांबच्या कॉलेजला होकार गेला. मी ऑगस्टमध्ये निघणार. अप्पा पुढच्या रविवारी.